उतरलेलें वजन आणि उतरलेला उत्साह

मिळविण्यापेक्षां मिळविलेलें राखणें कठीण, हें तत्त्व व्यवहारांत सर्वांस मान्य आहे; परंतु आमचे हार, आमच्या टाळ्या आणि आमचीं शाल-श्रीफळें नेहमीं मिळविणाऱ्याच्याच वांट्यास येतात. मराठी माणसास तर ही गोष्ट नव्यानें सांगण्याचें कारण पडूं नये. शिवछत्रपतींनीं गड घेतले ही कथा शाळेंतील पोरही सांगेल. पण घेतलेला गड राखण्यासाठीं तेथें हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे अधिकारी नेमले जात, एकट्याच्या हातीं गड सोंपविला जात नसे, आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत किल्ल्यांसाठीं एक स्वतंत्र प्रकरणच आहे, हें किती जणांच्या ध्यानांत असतें? घेणें हा एका रात्रीचा पराक्रम; राखणें हा पिढ्यान्‌पिढ्यांचा कारभार. पराक्रमाचे पोवाडे होतात, कारभाराचे होत नाहींत.

आज हा विचार आमच्या मनांत आला तो गडांवरून नव्हे, तर माणसांच्या वजनावरून. गेल्या दहापंधरा वर्षांत आमच्या पांढरपेशा घरांत वजन उतरविण्याचें जें वारें शिरलें आहे तें लहानसहान नाहीं. लग्नाच्या पंगतींत, प्राध्यापकांच्या खोलींत, आगगाडीच्या डब्यांत, जेथें चार माणसें बसतात तेथें कोणी किती किलो उतरविले याचा हिशेब निघतो. उतरविणाऱ्याचीं दोन छायाचित्रें शेजारीं शेजारीं लावून दाखविलीं जातात. एक पूर्वीचें, एक नंतरचें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, या दोहोंच्या शेजारीं तिसरेंही लावा; पांच वर्षांनंतरचें. तें लावण्याची ज्यांची तयारी नाहीं, त्यांनीं पहिलीं दोन लावूं नयेत.

तिसरें छायाचित्र बहुधा कां लागत नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे. उतरलेलें वजन हळूहळू परत आलेलें असतें. ज्या गृहस्थाचें कौतुक परवां परवांपर्यंत चाललें होतें, तो आतां ओळखीचीं माणसें पाहून रस्ता बदलतो. आणि ज्यांनीं टाळ्या वाजविल्या तेच त्याच्या पाठीमागें त्यास ‘आरंभशूर’ म्हणून हंसतात. हा शब्द मोठा नेमका आहे. परंतु येथें तो चुकीच्या माणसास लावला जातो, असें आमचें मत आहे. आरंभशूर तो बिचारा नव्हे. आरंभशूर तो समाज, जो आरंभाचा उत्सव करितो आणि पुढील कामाकडे पाठ फिरवितो.

आमचा हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमत, कळमनुरी, औंढा या भागांतील शेतकऱ्यास हें प्रकरण समजावून सांगण्यास वैद्यक शिकविण्याची गरज नाहीं. शेतांतून काढलेली ओली हळद उकडून वाळविली म्हणजे तिचें वजन चौथाई-पंचमांशावर येतें. परंतु वाळवण झालें कीं काम संपलें, असें कोणताही शहाणा शेतकरी समजत नाहीं. पोतीं दमट जागीं ठेविलीं तर वाळलेला माल पुन्हां ओल धरतो, त्यास बुरशी येते, आणि वर्षाची मेहनत पाण्यांत जाते. यास्तव तो कोठाराची जमीन पाहतो, भिंत पाहतो, पावसाळ्यांत पोत्यांवरून हात फिरवितो. आणि ओल आलीच, तर ‘या हळदीस निश्चय नाहीं’ असें तो कधीं म्हणत नाहीं. तो कोठार तपासतो. माणसाच्या बाबतींत मात्र आम्ही कोठाराकडे पाहत नाहीं, हळदीलाच शिव्या देतों.

आतां या विषयावर महाराष्ट्रांत जो वाद गाजला तो पाहा. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांतून निघालेला व डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं गांवोगांव व्याख्यानें देऊन घरोघर पोंचविलेला एक पंथ म्हणतो कीं, दिवसांतून दोनच वेळां जेवावें, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांचे आंत आटोपावें, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावें. श्रीमती ऋजुता दिवेकर यांच्या पुस्तकांनीं रूढ केलेला दुसरा पंथ म्हणतो कीं, थोड्या थोड्या अंतरानें थोडें थोडें खावें. दोन्ही पंथांनीं लोकांस आपल्या ताटाकडे डोळे उघडून पाहण्यास लाविलें, हें श्रेय त्यांचें त्यांस दिलें पाहिजे. परंतु त्यांच्या अनुयायांत जें रण माजलें, त्यांत सकाळची न्याहारी करावी कीं न करावी यावर भावाभावांत अबोला आला, सासवासुनांत दोन चुली झाल्या. आणि मुख्य प्रश्न कोणीच विचारला नाहीं. ज्याचें दोन वेळां खाऊन उतरलें आणि जिचें आठ वेळां खाऊन उतरलें, त्या दोघांचें पांचव्या वर्षीं काय झालें?

अमेरिकेंत इ. स. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत १६० जणांस चार निरनिराळे प्रसिद्ध आहार वांटून देण्यांत आले व वर्षभर त्यांच्यावर लक्ष ठेवण्यांत आलें. वजन किती उतरलें याचा संबंध आहाराच्या नांवाशीं फारसा दिसला नाहीं; तो दिसला आहार किती चिकाटीनें पाळला गेला याच्याशीं. म्हणजे पंथ कोणताही असो, फळ नित्यनेमाला आहे. वारकऱ्यांच्या या मुलखांत, नरसीच्या नामदेवांच्या जिल्ह्यांत, वारी एकदां करून भागत नाहीं हें वेगळें सांगावयास नको.

“मग नेमच कां टिकत नाहीं? मनुष्य दुबळा आहे म्हणून!” हा झाला नीतिवाद्यांचा आक्षेप, आणि तोच सर्वांत प्रबळ मानला जातो. या मंडळींची समजूत अशी दिसते कीं, शरीर हा मातीचा गोळा असून आपण त्यास दाबूं तसा तो दबून राहील. वस्तुस्थिति निराळी आहे. इ. स. १९४४-४५ सालीं मिनेसोटा विद्यापीठांत ॲन्सेल कीज यांनीं ३६ निरोगी तरुणांस, त्यांच्या संमतीनें, सुमारें सहा महिने अर्धपोटीं ठेविलें. त्यांचें वजन जवळजवळ चौथाईनें उतरलें. मागाहून त्यांस मनसोक्त खाण्याची मोकळीक मिळाली तेव्हां ते एवढे वखवखले कीं, पोट भरलें तरी भूक सरेना. आणि अंगावरील चरबी पूर्वीपेक्षांही वाढली. हे कांहीं खादाड लोक नव्हते; तत्त्वासाठीं युद्धांत शस्त्र धरण्यास नकार देणारे, निश्चयाचे पक्के असे हे तरुण होते.

इ. स. २०११ सालीं ऑस्ट्रेलियांतील वैद्यांनीं ५० स्थूल माणसांस दहा आठवडे अत्यल्प आहारावर ठेवून त्यांचें वजन उतरविलें व त्यांच्या रक्तांतील भूक चाळविणारीं आणि भूक शमविणारीं द्रव्यें मोजलीं. एक वर्ष लोटल्यावरही तीं द्रव्यें पूर्वस्थितीवर आलीं नव्हतीं. शरीर अद्यापि ‘खा, खा’ असाच निरोप देत होतें. अमेरिकेंतील केव्हिन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तर याचा जमाखर्चच मांडला आहे. उतरलेल्या प्रत्येक किलोमागें शरीराचा रोजचा खर्च सुमारें २० ते ३० कॅलरींनीं घटतो, आणि भूक मात्र सुमारें १०० कॅलरींनीं वाढते. दहा किलो उतरविलेल्या गृहस्थास, या हिशेबानें, रोज एका भरपेट जेवणाएवढी अधिक भूक सोसावी लागते. आणि तीही आठवडाभर नव्हे, तर वर्षानुवर्षें. ज्यांनीं असला भार एक दिवसही वाहिलेला नाहीं, त्यांनीं तो वाहतां वाहतां थकलेल्यास दुबळा म्हणावें, यापरता अन्याय तो कोणता?

आतां याच पुराव्यावरून दुसरी मंडळी उलट टोंकास जातात. ते म्हणतात, “परत येणारच असेल तर उतरवावें कशाला? देवानें दिलेला देह आहे तसा असूं द्या.” यांच्याही हातीं एक जुना आधार आहे. डॉ. आल्बर्ट स्टंकार्ड यांनीं इ. स. १९५९ सालीं न्यू यॉर्कच्या एका दवाखान्यांतील १०० स्थूल रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकीं १२ जणांचें वजन २० पौंड वा अधिक उतरलें होतें, आणि दोन वर्षांनंतर तें टिकलें होतें फक्त दोघांचें. परंतु त्या रोग्यांस दिलें काय होतें? बहुतेकांस आहाराचा एक कागद हातांत देऊन घरीं पाठविण्यांत आलें होतें. कागद देऊन गड राखला जात नाहीं, एवढेंच यावरून सिद्ध होतें.

उलट, जेथें राखणदारी झाली तेथील आंकडे पाहा. मधुमेह झालेल्या पांच हजारांवर स्थूल माणसांचा ‘लुक अहेड’ नांवाचा दीर्घ अभ्यास अमेरिकेंत इ. स. २००१ पासून चालला. त्यांतील ज्या गटास आरंभीं दर आठवड्यास व पुढें वर्षानुवर्षें नियमानें भेटून सल्ला देण्यांत आला, त्यांतल्या निम्म्या लोकांनीं आठ वर्षांनंतरही मूळ वजनाच्या ५ टक्के किंवा अधिक घट टिकवून धरली होती. तसेंच इ. स. १९९४ सालीं रीना विंग व जेम्स हिल यांनीं, किमान ३० पौंड उतरवून वर्षभर तरी तें राखणाऱ्या लोकांची एक नोंदवही उघडली. तींत आज दहा हजारांवर नांवें आहेत. कोणी एका पंथानें उतरविलें, कोणी दुसऱ्या. परंतु राखण्याच्या संवयी बहुतेकांच्या सारख्या निघाल्या. रोज सुमारें तासभर चालणें अथवा व्यायाम, आठवड्यास निदान एकदां तराजूवर उभें राहणें, आणि सणावारीं व एरव्हीं खाण्याचा एकच शिरस्ता. आणखी एक आशेची गोष्ट तींत आढळली ती अशी कीं, दोन ते पांच वर्षें ज्यानें राखलें त्यास पुढें राखणें बरेंच सोपें जातें. तेव्हां ‘परत येणारच’ हा सिद्धान्त नव्हे. तो आळसाचा दिलासा आहे.

एवढ्यांत तिसरा पक्ष सुई घेऊन पुढें आला आहे. भूक मारणारीं नवीं औषधें इ. स. २०२५ पासून भारताच्या बाजारांतही उतरलीं आहेत, आणि पैसेवाल्यांस आतां चालण्याचीही गरज नाहीं असा पुकारा ऐकूं येतो. औषधें गुणकारी आहेत, कित्येक रोग्यांस तीं वरदान ठरतील, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु इ. स. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, यांपैकीं एक औषध व त्याबरोबरचा सल्ला बंद केल्यावर वर्षभरांत उतरलेल्या वजनाचा दोनतृतीयांश भाग परत आला होता. म्हणजे सुईनेंही प्रश्न सुटला नाहीं; उतरविण्याचें काम सोपें झालें, राखण्याचें होतें तेथेंच राहिलें.

चौथा आक्षेप आमच्याच मुलखांतला. “हा पुण्यामुंबईच्या तुंदिलतनु लोकांचा रडका विषय हिंगोलीस कशाला? येथें ऊसतोडीस जाणाऱ्या बाईच्या हाडांवर मांस नाहीं.” हें बोलणाऱ्याच्या अंतःकरणाबद्दल आम्हांस आदर आहे, परंतु डोळ्यांबद्दल नाहीं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पांचव्या फेरींत (२०१९-२१) भारतांतील प्रौढ स्त्रियांपैकीं १८.७ टक्के प्रमाणाहून कृश निघाल्या, आणि २४ टक्के प्रमाणाहून जड. दोन्ही दुःखें एकाच देशांत, एकाच तालुक्यांत, कधीं कधीं एकाच घरांत नांदत आहेत. शेतावर पायीं जाणारा आतां दुचाकीवर जातो. ज्वारीच्या भाकरीच्या जागीं गहूं, तांदूळ आणि दुकानांतील पुडे आले. चहांतील साखर मात्र होती तेवढीच राहिली.

शिवाय आमचें शरीर या बाबतींत अधिक नाजूक आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडांतील डॉ. जॉन युडकिन यांनीं इ. स. २००४ सालीं स्वतःचींच दोन छायाचित्रें ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत छापलीं. उंची-वजनाचें प्रमाण दोघांचेंही अगदीं सारखें, २२.३, परंतु इंग्रज वैद्याच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के, आणि मराठी वैद्याच्या शरीरांत २१.२ टक्के! म्हणूनच भारतीय तज्ज्ञ वजनाच्या धोक्याची रेषा पाश्चात्त्यांहून खालीं, म्हणजे २५ ऐवजीं २३ वर, धरतात. मधुमेह पोट सुटलेल्याचीच वाट पाहत बसत नाहीं. आमच्याकडे तो बारीक दिसणाऱ्याच्याही घरीं येतो. पुढील दोन आंकडे तर प्रत्येकानें भिंतीवर लिहून ठेवावे असे आहेत. इ. स. २००२ सालच्या प्रसिद्ध अमेरिकन प्रयोगांत, वजन ७ टक्क्यांनीं उतरवून राखणें आणि आठवड्यास १५० मिनिटें चालणें हें ध्येय ज्यांच्यापुढें ठेविलें, त्या मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांत तो रोग होण्याचें प्रमाण ५८ टक्क्यांनीं घटलें. सत्तर किलोच्या माणसास हे पांच किलोही नव्हेत. वीस किलो उतरवून गमावण्यापेक्षां पांच उतरवून राखणें लाखमोलाचें, असें आम्ही म्हणतों तें यासाठीं.

तेव्हां हें राखणें कोणी करावयाचें? ज्याचें वजन त्यानें, असें उत्तर येईल. तें अर्धें खरें आहे. उरलेलें अर्धें घरानें करावयाचें आहे, आणि आमचीं घरें तें करीत नाहींत. उलट गडाच्या दिंड्या आंतून उघडतात. माणूस बारीक झाला कीं भेटणारा प्रत्येक आप्त विचारतो, “काय हो, बरें नाहीं का? फार वाळलांत!” पंगतींत ताटावर हात आडवा धरणाऱ्याच्या बोटांवर जिलबी ठेवण्यांत आम्हांस आतिथ्याची परमावधि वाटते. अधिक महिन्यांत जावयापुढें अनारशांचे ढीग ठेवून, ‘नाहीं’ म्हटल्यास सासरच्या मानाचा प्रश्न करितों. आणि उपवासाचें तर बोलूंच नये. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण परकीयांनीं आमच्यावर लादलेली नाहीं. साबुदाणा, शेंगदाणे, तूप आणि बटाटा यांच्या मिलाफास ज्या समाजानें उपवास हें नांव दिलें, त्यानें दुसऱ्याच्या निग्रहाची परीक्षा घेऊं नये.

यांत स्त्रियांची स्थिति अधिकच विपरीत. स्थळें पाहण्याच्या वर्षांत मुलीस अर्धपोटीं ठेवून बारीक करावयाचें. लग्न झालें कीं तिच्या प्रकृतीकडे कोणी पाहावयाचें नाहीं. पहिल्या बाळंतपणांत डिंकाच्या लाडवांचा मारा करावयाचा. आणि चाळिशींत गुडघे दुखूं लागले म्हणजे ‘बाई सुटली’ म्हणून हंसावयाचें! ती सर्वांचें जेवण झाल्यावर, उरलेलें वायां जाऊं नये म्हणून खाते; आणि तिला सांजवेळीं तासभर चालावयाचें म्हटलें तर स्वयंपाक कोण करणार, रस्त्यावर दिवे कोठें आहेत, लोक काय म्हणतील, हे तीन पहारेकरी दारांत उभे. वजन राखण्याचें पहिलें साधन तिच्यासाठीं आहारपत्रिका नव्हे. घरांतील पुरुषानें संध्याकाळची कणीक मळणें हें आहे.

म्हणून आमची मागणी उपदेशाची नाहीं, व्यवस्थेची आहे. घरांत ज्याचें वजन उतरलें आहे त्याच्यासाठीं निराळी चूल नको. सर्वांचेंच ताट थोडें बदलावें. आठवड्यांतून एक वार ठरवून तराजूवर उभें राहावें आणि तो आंकडा पंचांगाच्या पानावर टिपावा. दोन किलो वाढले कीं त्याच आठवड्यांत हात आंखडावा, बारा वाढण्याची वाट पाहूं नये. सणाच्या दिवशीं सण करावा, पण तो दुसऱ्या दिवशीं संपवावा. आणि पाहुण्यास दुसऱ्यांदा वाढण्यापूर्वीं विचारावें, तिसऱ्यांदा विचारूंच नये. या एका सुधारणेस कायदा लागत नाहीं कीं निधि लागत नाहीं.

सरकारकडेही आमचें एक मागणें आहे. तीस वर्षांवरील माणसांची तपासणी करितांना आशा-सेविका जो कागद भरतात त्यांत कमरेचें माप विचारलेलें असतें. ठीक आहे, पण एकदां माप घेऊन कागद फाईलींत गेला म्हणजे तोही आरंभशूरपणाच. ज्याचें वजन उतरलें आहे त्याचें माप दर तीन महिन्यांनीं पुन्हां घेतलें जावें, आणि वाढलें तर त्यास न रागावतां बोलावून बसवावें. कळमनुरी-सेनगांवच्या केंद्रांत एक तराजू, एक टेप आणि आपुलकीनें बोलणारें एक माणूस, एवढ्यावर हें काम चालेल. ‘लुक अहेड’च्या मंडळींनीं मुख्यतः हेंच केलें, लोकांस पुन्हां पुन्हां भेटले.

राहतां राहिला ज्याचें परत वाढलें आहे तो आमचा वाचक. त्यास आम्ही एवढेंच सांगूं इच्छितों कीं, इ. स. १६६५ सालीं पुरंदरच्या तहांत शिवाजीमहाराजांस २३ किल्ले सोडून द्यावे लागले, आणि १६७० पासून त्यांनीं ते एकेक करून परत घेण्यास आरंभ केला. मधल्या काळांत त्यांस कोणी आरंभशूर म्हटलें असल्यास इतिहासानें त्याचें नांव राखिलेलें नाहीं. गेलेला गड परत घेतां येतो. मात्र या वेळीं घेण्यापूर्वीं हवालदार, सबनीस, सरनौबत नेमून ठेवावे. घरांतील एक माणूस, भिंतीवरील एक आंकडा, आणि रोजचा एक रस्ता. तोफा उडविण्याची घाई नको. पांच वर्षांनीं ते तिसरें छायाचित्र निघेल, तेव्हां त्या उडविण्यास आम्ही स्वतः येऊं.